हरकत नसल्यास

"अगं, हा कॉम्प्युटर बोलेनासा झालाय," थोरली बहीण फोनवर म्हणाली. "सकाळी स्वतःच काहीतरी नवं करून घेतलं आणि तेव्हापासून मुका. मी खटाखटा बटणं दाबतेय, पण ढिम्म!"

पाणीपट्टीच्या खिडकीसमोर रांग होती. धाकटीने फोन कान-खांद्यात धरून समोरच्या अर्जावर शिक्का मारला. "वायर हलली असेल अक्का. जेवणाच्या सुट्टीत येते."

"तीनदा चाचपली वायर. आंधळी आहे मी, वेंधळी नाही."

थोरलीला जन्मापासून दिसत नव्हतं. डॉक्टरांनी बोलून पाठवलेले अहवाल ती घरी बसून टाइप करायची आणि टाइप केलेलं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा. तो वाचणारा प्रोग्राम गावोगावच्या सात जणांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून, हौसेने बनवला होता. कुणीही घ्यावा, फुकट वापरावा. त्या सातांतली एक धाकटी. जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही तो बोलला पाहिजे, हे काम तिच्याकडे. अकरा वर्षं तिने ते पोटच्या पोरासारखं जपलं होतं, कारण थोरलीसारखी कितीतरी माणसं जुन्याच डबड्यावर पोट भरत होती.

सुट्टीत ती धावतपळत थोरलीकडे पोहोचली. वायर जागच्या जागी होती. मग तिने गटाचं चर्चेचं पान उघडलं. महिनाभर तिकडे फिरकायला तिला सवड कुठली? नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन, मग त्याची पथ्यं, औषधांच्या वेळा.

'जुन्या कॉम्प्युटरसाठीचा भाग काढून टाकावा. हरकत नसल्यास आठ दिवसांनी मंजूर.' खाली एकही हरकत नव्हती. मंजूर!

प्रस्ताव मास्तरांचा होता. तारीख ऑपरेशनची.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. गट त्यांनी आणि धाकटीने मिळून उभा केला होता. त्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला होता. "ताई, तुम्ही दाजींकडे बघा. इकडची काळजी सोडा, आम्ही आहोत ना!" हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ती ढसाढसा रडली होती. अशी माणसं नशिबाने मिळतात, असं तिने नवऱ्यालाही सांगितलं होतं.

थोरलीलाही ऐकू यावं म्हणून तिने तिथूनच स्पीकरवर मास्तरांना फोन लावला.

"दाजी कसे आहेत?" मास्तरांनी आधी तेच विचारलं.

"बरे आहेत. मास्तर, मी त्या दिवशी कुठे होते हे तुम्हाला ठाऊक होतं."

पलीकडे शाळेचा गलका ऐकू येत होता.

"ताई, तुम्ही असता तर हरकत घेतलीच असती. तुमच्या त्या जुन्या मशीनींपायी प्रत्येक काम दुप्पट होत होतं. पोरं कंटाळली होती."

"म्हणजे मी नाही हे बघून?"

"नियम तुमचाच आहे."

नियम तिचाच होता. एकेका निर्णयासाठी सहा सहा जणांच्या हातापाया पडायला लागू नये म्हणून तिनेच तो मांडला होता. गप्प राहणं म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, असं तिने त्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

"बाकीच्यांना माहीत होतं? ऑपरेशनचं?"

"मीच सांगितलं सगळ्यांना. त्यांनी तुम्हाला निरोप नाही का पाठवले?"

पाठवले होते. पाचही जणांनी. धीर धरा, देव पाठीशी आहे, काही लागलं तर हक्काने सांगा. आणि त्याच आठवड्यात त्या पाचांनी तिच्या कामावरून नांगर फिरताना मिठाची गुळणी धरली होती.

"गटाच्या भल्यासाठीच केलं हो," मास्तर म्हणाले. "तुमच्या आभाराचं निवेदनही मांडलंय कालच. वाचा तरी."

तिने फोन ठेवला.

"आधीचाच प्रोग्राम परत घाल ना त्यात," थोरली म्हणाली.

"घालते. बोलेल तो. पण तुझ्या डॉक्टरांकडून येणाऱ्या नव्या पद्धतीच्या फाइली त्याला वाचता येणार नाहीत."

"म्हणजे माझं काम गेलंच," थोरली म्हणाली. "आणि ते आभाराचं काय म्हणत होते? वाच की. हा काही वाचायचा नाही."

धाकटी वाचू लागली. 'आमच्या लाडक्या ताईंनी अकरा वर्षं निरपेक्षपणे सांभाळलेल्या कामाबद्दल गट त्यांचा कायम ऋणी...' 'लाडक्या'पाशीच तिचा आवाज फाटला होता. तरी तिने शेवटपर्यंत रेटलं. 'हरकत नसल्यास आठ दिवसांनी प्रसिद्ध करू.'

तिने डोळे पुसले आणि फोनवर त्या निवेदनाखाली काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"माझी हरकत आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

थोरलीने मान हलवली. गळ्यातला हेडफोन काढला, रुमालात गुंडाळला आणि चाचपडत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.