घरचं तेल

साठी उलटली तरी सलूनवाल्याच्या डोक्यावर असं रान माजलं होतं, की गिऱ्हाइकं त्याला ‘आयाळवाले’ म्हणत. तो आरशात बघून मिशीतल्या मिशीत हसायचा आणि फळीवरच्या बाटल्यांकडे बोट दाखवायचा. “घरचं तेल. बायको स्वतः उकळते.” बाटल्या हातोहात खपायच्या. खरं तर केस राखले होते ते गोळीने. ती तो लांबच्या दुकानातून आणायचा आणि वस्तऱ्याच्या पात्यांच्या डबीत लपवायचा. बायकोला ताकास तूर लागू दिली नव्हती.

लघवी अडखळायला लागली, तेव्हा तिनेच त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ततपासणी लिहून दिली आणि विचारलं, “काका, दुसरी कुठली औषधं चालू आहेत?”

शेजारी बायको बसलेली. “छे! गोळी कशी असते तेही ठाऊक नाही,” तो म्हणाला.

“यांना काय धाड भरलीय,” बायको कौतुकाने म्हणाली. “केस बघा ना. आमच्या तेलाचे आहेत.”

आकडा ठीक आला. वर्षाने पुन्हा तपासला, पुन्हा ठीक. शहाण्याने गिऱ्हाइकांपुढेही तो मिरवून घेतला.

मग कंबरेने डोकं वर काढलं. दिवसभर उभं राहायचा धंदा, कंबर दुखणारच, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. शेवटी खुर्चीवरून उठवेना, तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, आणि हाडांत पोचला होता.

“पसरला एवढा, आणि आकडा इतका बेताचा कसा?” डॉक्टर पुटपुटले. मग त्यांची नजर वर गेली. “काका, केसांसाठी काही घेता?”

त्याने मान खाली घातली. “गोळी. बरीच वर्षं.”

“अहो, त्या गोळीने हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो! सांगितलं असतंत तर मी तो दुप्पट धरला असता. बहुतेक तेव्हाच सापडला असता, पसरायच्या आधी.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता शेजारी बसलेली बायको आकांडतांडव करणार, असं त्याला वाटलं. पण ती आपल्या तळव्यांकडे बघत बसली होती.

“म्हणजे तेलात काहीच नव्हतं?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“वर्षभर तुमच्या कंबरेला मी तेच चोळतेय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही म्हणायचात, उतार पडतोय.”