तळमजल्याची कोल्हीण

"चाव त्यांना," वंगण म्हणाला. "बघतोस काय असा? चाव."

"नाही चावणार."

"मग बस असाच. कोल्हीण उपाशी, तिची पिल्लं उपाशी, आणि तुमच्याकडे बघत मी पण उपाशी. निदान चहा तरी टाक."

तळमजला जागचा हलला नाही. मांडीवर उशी, उशीवर ते खेळायचं यंत्र, यंत्रावर दोन्ही अंगठे. समोर टीव्हीत बर्फ पडत होतं. बर्फात एक तांबूस कोल्हीण उभी होती आणि तिच्या पोटाखाली तोंडं खुपसून तीन पिल्लं ढोसत होती. पिल्लं आपली म्हणायची. अंगानं चांगली आईएवढी झाली होती. ती कोल्हीण म्हणजे तळमजला. खेळच तसा होता. त्यात माणूस नाही, बंदूक नाही, मोटार नाही. तुम्ही कोल्हीण व्हायचं, बीळ शोधायचं, पिल्लं वाढवायची, जगायचं.

तळमजला हे नाव वंगणानंच ठेवलेलं. लिफ्टा दुरुस्त करायचं काम आणि उंची बेताची, तेव्हा कंपनीत पहिल्याच दिवशी वंगण म्हणाला, "हा बघा, तळमजला आला." झालं. पगारपत्रकावरचं नाव बायकोलासुद्धा आठवावं लागायचं. वंगण मात्र वंगणच. कुठल्याही फटीत शिरायचा आणि कुणाचीही कुरकुर बंद करायचा. दोघांनी मिळून एकदा साहेबांच्या खुर्चीखाली लिफ्टची घंटी बसवली होती. साहेब टेकले की टण्ण. साहेब उठले की टण्ण. आठवडाभर साहेब घाबरून उभ्यानं सह्या करत होते.

आणि आयुष्यभर लोकांना वरखाली नेणारा हा माणूस राहायला कुठे, तर बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी तो हे स्वतःच हसत हसत सांगायचा. पण लिफ्टच्या खड्ड्यात पडला, खुबा मोडला, उजव्या हाताची बोटं आखडली, तेव्हापासून तिसरा मजला ही काही हसण्यासारखी गोष्ट राहिली नव्हती. खाली उतरायचं म्हणजे वंगणाचा एक खांदा, लेकीचा एक खांदा आणि दर वळणावर विश्रांती.

बोटांना व्यायाम म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी रबराचा चेंडू दिला होता. तो यानं शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. मग लेकीनं कुठून तरी जुना खेळ पैदा केला. "बाबा, चेंडू नको तर हे दाबा. बोटं हलल्याशी कारण." पहिल्या दिवशी कोल्हीण ओढ्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी झाडावर आपटत राहिली. पण पिल्लं झाली आणि तळमजला पार त्यात शिरला. उंदीर धरायला शिकला, ससा धरायला शिकला. लेक संध्याकाळी कामावरून आली की दारातच विचारायची, "जेवली का नातवंडं?"

"तिसरं जरा किरकिरं आहे. तुझ्यावर गेलंय."

आता मात्र गाडं अडलं होतं. हिवाळा संपतच नव्हता. कितीही शिकार आणा, पिल्लं फस्त करायची, कोल्हीण खंगत चालली होती आणि बर्फ काही थांबत नव्हतं. तळमजल्याला वाटलं, यंत्रच बिघडलंय. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते तसं काही तरी. त्यानं वायरी काढून पुसल्या, परत घातल्या, बाजूनं एक चापटसुद्धा मारली. शेवटी वंगण ज्या दुकानातून तो खेळ आला होता तिथे जाऊन विचारून आला. दुकानदार म्हणाला, बिघाड-बिघाड काही नाही, पिल्लं मोठी झालीत. त्यांना हाकलायचं. चावायचं बटण आहे ना, ते शिकारीसाठीच नाही.

"खरी कोल्हीणपण असंच करते म्हणे," वंगण म्हणाला. "नाही हाकललं तर सगळीच मरतात."

"आई आहे रे ती."

"मी कुठे मावशी म्हटलं?"

तळमजल्यानं यंत्र बाजूला ठेवलं. "चहा टाकतो," म्हणाला.

चहा उकळेपर्यंत दोघंही खिडकीजवळ उभे होते. खिडकीच्या कठड्यावर मेणाचा एक कान ठेवलेला होता. लेकीचं काम. ती एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दंतवैद्य माप पाठवणार, ही दात बसवून देणार. तळमजल्याच्या तोंडातली कवळीसुद्धा तिच्याच हातची. पण तिचा जीव होता तो अशा कानांत, नाकांत. दूरच्या एका शहरात मोठं हॉस्पिटल होतं. आजारात, अपघातात ज्यांचा चेहरा गेला त्यांना तिथे नवे कान, नाक, जबडे करून देत. तिनं सुट्टीच्या दिवशी बसून बसून हा कान कोरला, त्याचे फोटो तिकडे पाठवले, आणि तिकडून बोलावणं आलं. या, शिका, पगारही देऊ. सोमवारपर्यंत कळवा.

वंगण त्या कानाला तोंड लावून म्हणाला, "हॅलो, आहे का कुणी? हिच्या बापाला जरा अक्कल द्या."

"ती नाही म्हणून कळवणार आहे," तळमजला म्हणाला.

"माहितेय."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं बापाला सांगितलंही होतं, भांडी विसळत, पाठमोरी. "सोमवारी कळवून टाकते त्यांना. जमणार नाही म्हणून."

"का जमणार नाही?"

"तुमच्या गोळ्या कोण देणार?"

"वंगण."

"वंगणकाका स्वतःच्या गोळ्या तुम्हाला देतील आणि तुमच्या आपण खातील."

तळमजल्यानं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं होतं. स्वयंपाक करता येतो हे दाखवायला गेला. भाजीचा कोळसा आणि पातेल्याला भोक. लेकीनं त्या पातेल्याची झाडाला कुंडी केली. दोन्ही वेळ येणारी एक बाई ठरवली. लेकीनं तिच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, आता मला जरा हातभार." वंगणाला पथारीसकट घरी राहायला बोलावलं. वंगण आला, आणि त्या रात्री असा घोरला की लेक सकाळी म्हणाली, "काका, तुम्ही इथे राहिलात तर मला दोघांना सांभाळावं लागेल." सरळ सांगून पाहिलं, "जा बये, माझी काळजी करू नकोस." ती म्हणाली, "नाही करत," आणि त्याचे पाय चेपायला बसली.

जा म्हटलं की ती आणखी जवळ येत होती.

चहा पिऊन वंगण गेला. तळमजला परत टीव्हीसमोर बसला. बर्फ पडतच होतं. किरकिरं तिसरं पिल्लू कोल्हिणीच्या तोंडातला उंदीर ओढत होतं. त्यानं अंगठा उचलला, परत ठेवला, आणि दाबला.

पिल्लू केकाटलं. कोलांटी खाऊन लांब पडलं. उठलं, कान टवकारले, आणि शेपूट हलवत परत आलं. त्याला वाटलं, आई खेळतेय. पुन्हा दाबलं. पुन्हा ते आलं, या वेळी पोटावर सरपटत. तिसऱ्यांदा त्यानं दाबलेलं बटण सोडलंच नाही. पिल्लू लंगडत टेकाडावर चढलं, तिथे थांबून वळून बघितलं आणि झाडीत गेलं. मग दुसरं. मग पहिलं.

थोड्या वेळानं टीव्हीतलं बर्फ थांबलं. कुठे तरी पाणी वाहायचा आवाज येऊ लागला. तळमजला उठला, काठी टेकत मोरीत गेला आणि साबण लावून हात धुतले.

रविवारी संध्याकाळी लेक त्याच्या गोळ्या भरायला बसली. सात कप्प्यांची डबी; प्रत्येक कप्प्यात सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या. ती पांढरी मोडून अर्धी करत होती.

"उद्यापासून हे करू नकोस," तळमजला म्हणाला.

"बरं साहेब. आणखी काही हुकूम?"

"मी मस्करी करत नाही."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता आणि मग खुर्चीखाली घंटी वाजते."

"मला कंटाळा आलाय तुझा."

तिनं हसत हसत त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये. काय झालं? काकांशी भांडलात?"

त्यानं हात झटकला. "सारखी पाठीमागे. मोरीत गेलो तरी दाराबाहेर उभी. माणसाला घरात श्वास घ्यायला जागा नाही."

"बरं, चार पावलं लांब उभी राहीन." तिनं उरलेली अर्धी गोळी पुढच्या कप्प्यात टाकली. "पण उभी राहीन. मागे एकदा पडलात तेवढं पुरे झालं."

तळमजला तिच्याकडे बघत नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याला काय बोलायचं होतं ते ठाऊक होतं. दुपारपासून ठाऊक होतं. या घरात एकच गोष्ट अशी होती की जी कधी बोलायची नव्हती, आणि ती त्यानंच इतकी वर्षं बोलू दिली नव्हती.

"तू जवळ असलीस की मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कसली भीती?"

"तुझी आईपण तुझ्याच भरवशावर होती."

गोळी मोडणारे तिचे हात थांबले.

बायको बरेच महिने अंथरुणावर होती. लेक तेव्हा नुकती शाळा संपवून घरी होती. एका दुपारी आईचा डोळा लागला म्हणून ती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली, तिथे मैत्रीण भेटली, दोघी बोलत उभ्या राहिल्या. आई पाण्यासाठी एकटीच उठली आणि पडली ती उठलीच नाही. हृदयच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, कुणी शेजारी असतं तरी तेच झालं असतं. तळमजल्यानं तेच लेकीला सांगितलं. त्या दिवशी सांगितलं, ती रात्री दचकून उठायची तेव्हा सांगितलं, नंतर कधी ती नुसती गप्प बसलेली दिसली तरी सांगितलं. तू असतीस तरी तेच झालं असतं. या वाक्याला टेकूनच पोरगी मोठी झाली होती.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक, जवळ येणारा. अजून तिला वाटत होतं, ऐकण्यात काही चुकलं असेल.

"ऐकलंस तेच. ती पाण्यासाठी उठली तेव्हा तू गप्पा मारत होतीस."

"बाबा, तुम्ही तर म्हणायचात..."

"म्हणायचो. तेव्हा लहान होतीस."

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. लेकीनं उरलेले कप्पे भरले. एकही गोळी चुकली नाही. झाकण लावलं, डबी त्याच्या हाताला येईल अशी ठेवली आणि आत गेली. दार लावलं, पण आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी तिनं येते म्हणून कळवलं. त्यानंतर घरात बोलणं उरलं ते एकेका शब्दाचं. गोळी. पाणी. जेवण. दारात नातवंडांची चौकशी नाही. दोन्ही वेळच्या बाईला तिनं सगळं नीट समजावून दिलं, कुठली गोळी कधी, आंघोळीला स्टूल कुठे ठेवायचं, रात्री कुठला दिवा चालू राहू द्यायचा.

वंगणाला काहीतरी बिनसल्याचा वास लागलाच. लेक कामावर असताना त्यानं खोदून खोदून काढून घेतलं.

"चावायला तुला दुसरी जागा नाही सापडली?"

"बाकी सगळीकडे चावून पाहिलं. हसते."

"आणि दातसुद्धा तिनंच बनवून दिलेले," वंगण म्हणाला. त्यात गंमत नव्हती आणि ते त्यालाही कळलं. तो कवळीकडे बघायचं टाळून म्हणाला, "सांगून टाक. खोटं बोललो म्हणून."

"थांबेल."

"मग तिकडे पोहोचल्यावर सांग."

"परत येईल."

"मग कधी सांगणार?"

तळमजल्यानं काठीची मूठ पुसली. आधी पालथ्या हातानं, मग शर्टाच्या टोकानं.

निघायच्या सकाळी वंगण सामान उचलायला आला होता. लेकीनं उचलू दिलं नाही. एक मोठी चाकाची बॅग, एक खांद्यावरची. मेणाचा कान तिनं रुमालात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत घातला. दारात थांबून चपलेचा पट्टा लावला. लावून झाला तरी वाकलेलीच राहिली.

"निघते."

"हं."

"संध्याकाळची गोळी जेवणानंतर. आधी नाही."

"माहितेय."

ती आणखी क्षणभर उभी राहिली. वंगणानं तळमजल्याकडे बघितलं. तळमजल्यानं पेपर उघडला, आणि पेपर उलटा आहे हे वंगणाला दिसलं. मग जिन्यावरून बॅग उतरायचा आवाज, पायरीपायरीनं, मध्ये थांबत.

आवाज अगदी खाली पोहोचला तसा तळमजला उठला. वंगणानं खांदा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. काठी टेकत खिडकीशी आला. लेक गल्लीतून चालली होती. बॅगेचं एक चाक फिरत नव्हतं. अडकून नुसतं घासत होतं, करर्, करर्. ती दोन पावलं ओढायची, थांबायची, हात बदलायची. दुरुस्ती करणाऱ्याच्या कानाला असले आवाज दातात खडा यावा तसे लागतात. चाकात काही मोडलेलं नव्हतं. कोरडं पडलं होतं, एवढंच.

कोपऱ्यावर ती थांबली. वळली. वर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं. लांबून चेहरा दिसत नव्हता. मान वर केलेली तेवढी दिसली. तिनं हात हलवला नाही. नुसती उभी राहिली, कुणी काही म्हणेल का, याची वाट बघत असल्यासारखी.

तळमजल्यानं हात लांब करून खिडकी लावून घेतली. कडी बसेना, बोटं आखडलेली. वंगण पुढे झाला तर त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि स्वतःच ती नीट बसवली. काचेला धूळ होती. तिच्यातून कोपरा पुसट दिसत होता, आणि थोड्या वेळानं नुसताच कोपरा दिसू लागला.

आवाज मात्र काचेतूनही येत राहिला. करर्, करर्. पुढच्या गल्लीत वळेपर्यंत येत राहिला. थेंबभर तेलाचं काम होतं.