गाळातली नाव

यंदा धरणाचं पाणी एवढं खाली गेलं, की नदीच्या जुन्या पात्रात संगप्पाची नाव उघडी पडली. आठ वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात ती बेपत्ता झाली होती, आणि तिच्यासोबत संगप्पाही. त्या दिवशी पैलतीरावर माणसं सोडून तो रिकामी नाव घेऊन निघाला, तो अलीकडच्या काठाला लागलाच नाही. गळ टाकून झाले, पाणबुडे आणून झाले. हाती काहीच आलं नाही.

शिवकांता त्याची बायको. आपण नाव बघायला जाणार असं ती म्हणाली, तेव्हा तिचा धाकटा दीर गुरुपादप्पा हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "काय ठिवलंय तिथं, वैनी? नुसतं भंगार हाय. अन् गाळात मांडीपत्तर रुतताल."

"किती गाळ हाय ते तुमाला कसं ठाव?"

"लोक बोलायलेत की."

लोक बोलत होते, हे खरंच. पण काल पहाटे गुरुपादप्पा शेताकडे म्हणून गेला आणि परत आल्यावर त्यानं हौदाजवळ काढलेले रबरी बूट शिवकांतानं पाहिले होते. त्यांना ओला, निळसर गाळ लागला होता. भर मे महिन्यात रानात ढेकळं तापलेली, तिथं असा गाळ कुठून येणार? तिनं तेव्हा काही विचारलं नाही. आताही नाही. वरच्या बंधाऱ्यातून संध्याकाळी पिण्याचं पाणी सोडणार होते. ते आलं की नाव पुन्हा बुडणार.

"मी निघाले," ती म्हणाली. गुरुपादप्पा काठी घेऊन पुढं झाला.

काठापासून नाव दोनेक किलोमीटर आत होती. आधी भेगाळलेली जमीन लागली, मग शिंपले, फाटकी जाळी, बुडीत गावातल्या घरांचे दगड. गुरुपादप्पा एकदाही न थबकता चालला होता, पायाखालची वाट असल्यासारखा. शिवकांता दहा पावलं मागं राहिली. मुद्दामच. जमीन ओली व्हायला लागली तसे तिला बुटांचे ठसे दिसले. चौकडीच्या तळव्याचे. एक रांग नावेकडं जाणारी, एक परत येणारी. पुढं चाललेल्या दिराच्या बुटांचे ताजे ठसे त्यांच्याच शेजारी उमटत होते, हुबेहूब तसेच.



नाव बुडाली त्या उन्हाळ्यात वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. वादळानंतर महिन्याभरानं गुरुपादप्पा उदगीरहून आला आणि म्हणाला, "दादा टेशनवर दिसला. हाक मारली, तर गर्दीत शिरला." सगळ्या गावानं त्याच्यावर विश्वास ठेवला. शोध थांबला. शिवकांता संगप्पाचा फोटो घेऊन किती दिवस त्या स्टेशनवर बसली, हमालांना, चहावाल्यांना विचारत राहिली. मग हळूहळू रडणं आटलं आणि राग राहिला. कोणा बाईपायी गेला असेल, तर जाऊ दे. पोरगी सृष्टी आता लातूरला शिकत होती, तिच्यासाठी आलेली स्थळं "वडील कुठं असतात?" एवढं विचारून परत जायची.

आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की स्टेशनवर संगप्पा दिसल्याचं सांगणारा हा एकटाच. दुसऱ्या कोणालाही तो कधी दिसला नाही.

नाव कुशीवर कलंडली होती. पत्र्याचे गंजून पोपडे सुटलेले, वरच्या टपाची लोखंडी चौकट वाकून आत शिरलेली. चौकटीखाली एका जागी गाळ सपाट केलेला होता आणि त्यावर गोणपाट अंथरून चार दगड ठेवले होते. गोणपाट कोरडं होतं.

"वैनी, तिथं नका जाऊ."

"काय पुरलंय तुमी?"

"पुरलं न्हाई. झाकलंय."

"तुमीच केलं का हे?" ती त्याच्याकडं वळली. "तुमीच मारलं का त्यान्ला?"

 गुरुपादप्पानं काठी खाली टाकली. त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. रुमालात गळ्यात बांधायच्या इष्टलिंगाची चांदीची डबी होती, काळी पडलेली. संगप्पा ती झोपेतही गळ्यातून काढत नसे.

"काल घावली," तो म्हणाला. "चौकटीखाली अडकलाय दादा. तिथंच हाय, हाडं... काठावरून नाव दिसली तवाच मला धसका बसला. तुमी एकट्यानं बघू नये, म्हणून आधी येऊन गेलो. झाकून ठिवलं. घरी सांगायला तोंड उघडंना."

शिवकांतानं डबी हातात घेतली. अंगठ्यानं तिच्यावरचा काळेपणा पुसून पाहिला. मग म्हणाली, "मग टेशनवर कोण दिसलं होतं?"

"कुणीच न्हाई."

"कुणीच न्हाई?"

"तुमी जेवत नव्हता. सृष्टी दाराशी बसून ऱ्हायची. वाटलं, जित्ता हाय म्हणलं तर दोन घास खाताल. मग ते परत घ्यायला जमलंच न्हाई, वैनी. एका वरसानं काय सांगणार, दोन वरसांनी काय सांगणार..."

"आठ वरसं," शिवकांता म्हणाली. "आठ वरसं मी मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या, भावजी. रोज."

तो गाळातच खाली बसला. तिनं त्याला धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. गोणपाटावरचा एक दगड सरळ केला आणि म्हणाली, "काठावर जा. तिथं फोनला रेंज लागंल. पोलिसांना कळवा, अन् पाणी थांबवा म्हणावं."

तो गेला. दोन तास ती उन्हात एकटीच नावेला टेकून बसली. संगप्पाशी काय बोलावं ते तिला सुचेना. शेवटी ती पदरानं त्याच्या डोक्यावर सावली धरून बसली.

पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं. पंचनामा झाला, तपासणी झाली. दहा दिवसांनी संगप्पा घरी आला आणि जंगम पुरोहितांच्या हातून, लिंगासह, त्याला आपल्या रानात समाधी दिली. सृष्टीनं माती लोटली. गुरुपादप्पा बांधावर उभा होता, कोणी बोलावल्याशिवाय पुढं आला नाही. शिवकांतानं बोलावलं नाही.

पुढं तीन आठवडे ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. मग एका सकाळी त्याच्या दाराशी येऊन म्हणाली, "मृत्यूच्या नोंदीला अहमदपूरला जायचंय. भावाची सही लागती म्हणत्यात."

तो लगेच सदरा चढवून निघाला. एसटी निम्मी रिकामी होती. ती पुढं खिडकीपाशी बसली, तो पार मागच्या बाकावर. अहमदपूर येईपर्यंत दोघंही तसेच बसून राहिले.