टिटवीला विचारा

"अगं हळू! बटाटे काढतेयस का चिरतेयस?" आत्या ओरडली.

टिटवी खाली मान घालून ढेकळं फोडत राहिली. पावसाचा पत्ता नव्हता, माती भेगाळलेली, वारा सुटला की नुसता फुफाटा. पोरगी जन्मली तीच कलकलाट करत, म्हणून बापानं तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. पण आईबाप एकाच अपघातात गेले आणि टिटवीचा आवाजच बसला. रडणं ओसरलं तशी मोठ्या माणसांनी भांड्याकुंड्यांसारखी पोरांची वाटणी केली. भावाची ही थोरली लेक आत्यानं आणली, धाकट्या गोट्याला मामा शहरात घेऊन गेला.

आत्याचा नवरा ऐन तरुणपणी गेलेला, पोटी काही नाही. इतकी वर्षं भिंतींशी बोललेली बाई. पोरगी आली आणि तिला बोलायला माणूस मिळालं. टिटवी बोलो न बोलो, आत्या दोघींच्या वाटचं बोलायची.

तेवढ्यात बालकल्याणच्या बाई बांधावरनं तोल सावरत आल्या. "उद्या शाळेत बसायचंय, आत्या. मुलं कायमची कुठं राहणार ते ठरवायला. मामांनाही बोलावलंय."

"ठरवायचं काय त्यात? पोरगी माझ्यापाशी सुखात आहे."

टिटवीनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत सगळे जमले. मामा ट्रक चालवणारा आडदांड गडी, पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. मामीच्या मांडीवर गोट्या.

"बसलेली घडी कशाला मोडायची?" मामा म्हणाला. "चाललंय ते बरं चाललंय. आणि पोरांना काय विचारायचं? त्यांना काय कळतंय?"

बाई काही बोलणार, तोच आत्या उसळली. "का नाही विचारायचं? तिच्या जिवाचा निवाडा, आणि तिनंच मुकं बसायचं? टिटवीला विचारा. ती म्हणेल ते मला कबूल!"

उत्तर ठाऊक असल्यासारखी तिची मान ताठ होती.

बाई टिटवीशेजारी जाऊन बसल्या. "बोल बाळा. घाई नाही."

टिटवीनं गोट्याकडं पाहिलं. मग घोगरा आवाज आला. "मला गोट्यापाशी राहायचंय."

"मग त्याला इकडं आणा की!" आत्या म्हणाली. "दोघांनाही सांभाळते मी."

बाईंनी गोट्याला विचारलं. त्यानं मामीच्या पदरात तोंड खुपसलं. "मी मामीला सोडून नाही जाणार."

मामा मान खाजवत म्हणाला, "दोन खोल्या आहेत आमच्या. आमचीच तीन, त्यात हा..."

"असू द्या हो," मामी म्हणाली. "दाटीवाटीनं कुणी मरत नाही. येऊ दे तिला."

आत्याची मान हळूहळू खाली गेली. "माझं काय चुकलं गं पोरी? तू रागावलीस माझ्यावर?"

"नाही गं, आत्या." टिटवी म्हणाली. "मघाशी मी जवळ गेले, तर तो लपला. मला विसरायला लागलाय तो. आईबाबा कसे होते ते मग त्याला कोण सांगणार?"

"आत्या, तुम्हाला वेळ हवा असेल तर पुन्हा बसू," बाई म्हणाल्या. "तुमचंही ऐकायचंय आम्हाला."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "कशाला? इतक्या दिवसांनी पोरीनं तोंड उघडलंय, मी हात ठेवू त्याच्यावर? सुट्टीत तेवढी पाठवा म्हणजे झालं."

"येईन," टिटवी म्हणाली. तिनं आत्याला घट्ट मिठी मारली आणि मग, मोठी माणसं सोडवतात तशी, स्वतःच हळूच सोडवली.

ट्रक धूळ उडवत गेला. आत्या घरी न जाता तशीच रानात आली. घरी जाऊन करायचं तरी काय होतं?

"एकटीच गं?" बांधापलीकडनं शेजारीण ओरडली. "पोरगी कुठाय?"

"मामाकडं गेली."

"नेली होय त्यांनी? बघ बाई, शेवटी जोर त्यांचाच!"

"नेली नाही." आत्या ताठ उभी राहिली. "तिला विचारलं. तिनं सांगितलं. मग गेली."

"आणि तू गं?"

आत्यानं तोंड फिरवलं. "मला अजून अर्धं रान काढायचंय," म्हणाली आणि कुदळ उचलली.