लॅबची किंमत ठरली तेव्हा

मी मायक्रोस्कोप बोलतोय. थोडक्यात सांगतो, हल्ली जास्त बोलवत नाही.

जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं जयपूरला, शास्त्री नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. डॉक्टर माधवीबाईंनी मला आणलं, तेव्हा लॅब म्हणजे औषधाच्या दुकानामागची एक खोली होती. बाई मूळच्या साताऱ्याच्या. यजमान नीलकंठराव इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले आणि दोघं इथेच राहिले.

मलेरियाचे जंतू, क्षयाचे जंतू, रक्ताचा कॅन्सर, सगळं मी बाईंना दाखवलं. पुढे लॅब वाढली, मोठी मशिनं आली. ती भराभर आकडे ओकतात, पण शंका आली की स्लाइड माझ्याखालीच यायची. आसपासचे डॉक्टर पेशंटला सांगत, "माधवीजी से दिखवा लेना." बाईही हट्टी. स्वतः पाहिल्याशिवाय एक रिपोर्ट बाहेर सोडायच्या नाहीत. मदतीला दुसरा डॉक्टर ठेवायचा विषय निघाला की म्हणायच्या, पुढच्या वर्षी बघू.

असं म्हणता म्हणता आम्ही दोघंही म्हातारे झालो. माझं फोकसचं चाक घसरायला लागलं आणि त्यांची मान धरायला लागली. फार दुखलं की त्या माझ्यावर कपाळ टेकून नुसत्या बसून राहायच्या. नीलकंठराव निवृत्त झाले होते, साताऱ्यात छोटं घर बांधून झालं होतं. बाईंना आता लॅब विकून तिकडे जायचं होतं आणि पोटभर झोपायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

दिल्लीची एक मोठी कंपनी लॅब घ्यायला तयार झाली. तेवढ्यात मुलगा अभिषेक बातमी घेऊन आला, की बजेटमध्ये कॅपिटल गेन्सवरचा, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा, टॅक्स वाढणार म्हणतात. मतलब, विकायचं तर आत्ताच. अफवाच ती. पण कराची अफवा माणसाला तापापेक्षा लवकर चढते. त्याने घाईघाईत व्यवसायाची किंमत काढणाऱ्या पवनजींना बोलावलं.

पवनजी सभ्य माणूस. एकेक मशीन बघत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, हा तर हिशेबाच्या कागदावर कधीच झिजून गेलाय, याचे शून्य. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

मग अभिषेकने छाती फुगवून सांगितलं, की आमच्या लॅबमधून आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही रिपोर्ट जात नाही. त्याला वाटलं, यानं भाव चढेल.

पवनजींनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, आप चली गईं तो यहाँ बचेगा क्या?"

मग त्यांनी समजावलं. मशिनं कुणीही विकत घेईल, पण डॉक्टर पेशंट पाठवतात ते बाईंच्या भरवशावर. दोन-तीन वर्षं आधी बोलावलं असतं, तर दुसरा डॉक्टर बसवून, त्याच्या सहीची लोकांना सवय लावून, मग किंमत काढता आली असती. आता बजेट तोंडावर. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेली आमची मंडळी.

कंपनीने अट घातली. पूर्ण किंमत हवी असेल तर मॅडमनी तीन वर्षं इथेच काम करायचं. अभिषेकने वाचणारा टॅक्स पुन्हा पुन्हा समजावून सांगितला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण आईच्या मानेकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

नीलकंठरावांनी एवढंच विचारलं, "मग आपण जायचं कधी?"

बाईंनी सही केली. "तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "घर बंद राहिलं तर वाळवी लागेल."

कंपनीने स्क्रीनवाला नवा मायक्रोस्कोप आणला. मी त्यांना नकोच होतो. नीलकंठरावांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि साताऱ्याला आणलं. आता मी इथे खिडकीत असतो. ते एकट्यापुरता भात लावतात आणि संध्याकाळी जयपूरला फोन करतात. बजेट येऊन गेलं. टॅक्स वाढला की नाही, याबद्दल फोनवर कुणी बोलत नाही. मान कशी आहे, एवढंच विचारतात.

तुमचंही दुकान असेल, दवाखाना असेल, तर त्याची किंमत काढायला कर वाढायची वाट बघू नका. आणि काढाल तेव्हा आधी विचारा, घरात दमलंय कोण.

माझी काही किंमत आली नाही, म्हणून मी सुटलो. बाईंची आली.