वजनापुरती माणसं

"मोतीलालशेठ, तुमी मधात बसा. मावशी, तुमी टायराच्या वर. अन् हालू नका कोनी," गाडीखालून ओमप्रकाशचा आवाज आला.

हलणार कोण? मोतीलालला पिकअपच्या हौद्यात चढवायलाच एक स्टूल, ओमप्रकाशच्या बायकोचा, कोकिळाचा हात आणि शेजारच्या रुख्माबाईंचा आरडाओरडा एवढं सगळं लागलं होतं. किराणा दुकान बंद ठेवून तो आला होता. आपल्या वजनाचा कोणाला तरी उपयोग होतोय याचा त्याला कोण आनंद झाला होता!

गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी चाकांवर असतात, त्यांच्या टोकांना रबरी बुश. ते गाडीवर भार असतानाच आवळायचे, नाहीतर पिळले जातात आणि लवकर फाटतात. एरवी ओमप्रकाशनं पोती टाकली असती, पण घरातलं सोयाबीन कधीच विकून झालं होतं. म्हणून मग माणसं.

दिवाळीच्या सुमारास संत्री घेऊन भोपाळला जाताना या गाडीची चॅसी तडकली होती. दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणली, तेव्हापासून ती अंगणातच होती. ओमप्रकाशनं गंजलेला भाग कापला, नव्या पट्ट्या वेल्डिंगनं जोडल्या, लाल रंग दिला. मग मागच्या कमानी उतरवून एकेक पाटा घासून काढला. हिवाळा असा गेला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवरा सलग इतका घरात कोकिळानं पहिल्यांदाच पाहिला होता. तो झोपेत डाव्या हातानं गियर बदलतो हेही तिला याच हिवाळ्यात कळलं. "आता लांबचं भाडं नाई," असं तो आपणहून म्हणाला होता. "वर्ध्याले भाजी न्याची, दिवस बुडाच्या आंदी घरी." तिला इतकं सुख झालं होतं की ते कुणाला बोलून दाखवायचीही भीती वाटायची.

तिघं बसली तरी गाडी खाली गेली नाही.

"अरे वा!" मोतीलालनं बसल्या बसल्या उसळी मारून पाहिली. "दबलीच नाई भाऊ! एकदम कडक!"

कडक म्हणजे कमानीत एक पाटा वाढवलाय, हे कोकिळाला लगेच कळलं. भाजीला जुने पाटे पुरतात, जास्तीचा पाटा लागतो तो संत्र्याच्या लांबच्या मालाला, हे ओमप्रकाशनंच तिला समजावलं होतं. गेल्या आठवड्यात संत्रेवाल्याचा फोन आला होता आणि तो बोलत बोलत विहिरीकडे निघून गेला होता. काल ती सेलूच्या बाजाराला गेली, तेव्हाच त्यानं तो पाटा घातला असणार. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. नुसतं फार एकटं वाटलं. तिनं हौद्याच्या फळीवर हात ठेवला.

"बसलोच आहो तं जाऊ ना कुठी," रुख्माबाई म्हणाल्या. त्यांना कुठं नेणारं घरात कोणी उरलं नव्हतं. "शेठ, हाना आवाज."

मोतीलालनं फळीवर थाप मारली. "चलो! सेलू आलं, सेलू! केळझर!"

केळझरच्या गणपतीला रुख्माबाईंनी बसल्या जागेवरूनच डोळे मिटून हात जोडले. ऊन कलत होतं. कुंपणापलीकडच्या पिकल्या गव्हावरून वारा गेला की शेतच मागे सरकतंय असं वाटायचं, आणि गाडी खरंच निघाली होती की काय कोण जाणे, तिघांचीही अंगं हळूहळू डुलू लागली होती.

"नागपूर!" मोतीलाल म्हणाला. "बस, याच्या पुढची मले माईती नाई."

"सावनेर," कोकिळा म्हणाली. "मंग पांढुर्णा. तिथं चहा पेतात. ढाबेवाला साखर लय टाकते."

"तू गेलती?" रुख्माबाईंनी विचारलं.

"नाई. मंग मुलताई. मुलताई सुटली का घाट लागते, जंगल लागते, तिथं फोन लागत नाई. मी फोन छातीवर घेऊन निजते. बैतूल आलं का वाजते."

"अन् नाई वाजला तं?"

"तं उठते. भांडे घासते. घासेल भांडे पुन्हा घासते."

"अन् बैतूलच्या पुढं?"

"मले ठाऊक नाई. फोन आला का झोप लागून जाते."

रुख्माबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मोतीलाल आपल्या चपलांकडे पाहत राहिला. गाडीखाली ओमप्रकाशचा पाना केव्हा थांबला होता ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो पुन्हा वाजू लागला. नट आवळत गेलं की पान्याचा आवाज आखडत जातो, हे एका हिवाळ्यात कोकिळाच्या कानाला पक्कं झालं होतं. हा आवाज मोकळा होत चालला होता.

ओमप्रकाश सरपटत बाहेर आला. केसांत लाल रंगाचे पापुद्रे होते.

"उतरा," तो म्हणाला.

"झालं आवळून?" मोतीलालनं विचारलं.

"नाई, खोललं. एक पाटा काढा लागते. उद्या पुन्हा या बसाले."

"काऊन? चांगली कडक होती ना!"

"भाजी न्याची हाय," ओमप्रकाश म्हणाला. तो मोतीलालशी बोलत होता, पण पाहत होता कोकिळाकडे. "कडक गाडीत भाजी चेंदते."

मोतीलालला उतरवायला पुन्हा स्टूल लागलं, पुन्हा आरडाओरडा झाला. दोघं फाटकातून बाहेर पडली. कोकिळा मात्र हौद्यातच बसून होती.

"उतरत नाई काय?"

"बैतूलच्या पुढं काय लागते?" तिनं विचारलं.

त्यानं हात पँटीला पुसले, चाकावर पाय देऊन वर चढला आणि तिच्या बाजूला बसला.

"इटारसी," तो म्हणाला. "मंग नर्मदा. पूल लय लांब हाय."

कोकिळानं डोळे मिटले.

"हळू घ्या मंग," ती म्हणाली.