येतानाचं इंजिन

हरिदासनं कॅनडाचं इंजिन घडवायला घेतलं तेव्हा त्याला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. पुलगावच्या कापडगिरणीत तो सुतारखात्यात होता. पाळी सुटली की घरी जायच्या आधी स्टेशनाच्या पुलावर थांबायचा आणि मेलचं इंजिन डोळे भरून बघायचा. टोकदार नाकाचं, नाकावर रुपेरी चांदणी असलेलं ते इंजिन कॅनडा देशानं आपल्या देशाला दिलेलं होतं. कुशीवरच्या पाटीवर ते घडलं त्या गावाचं नाव होतं, मॉन्ट्रियल. हरिदासनं ते नाव पाठ केलं होतं. बायको फार बोलायला लागली की, “चाल्लो मी मॉन्ट्रियलले,” म्हणून तो चपला पायात सरकवायचा.

उन्हाळाभर त्यानं सागवानाच्या ठोकळ्यातून नाक उतरवलं, पत्रा ठोकून अंग केलं, चाकांना दांडे जोडले. चांदणीसाठी सिगारेटच्या पाकिटातला चमकीचा कागद जमवला. इंजिन हातभर लांब झालं आणि इतकं हुबेहूब की पोरं त्याच्यापुढे तोंडानं शिट्टी वाजवायची.

पावसाळा सरता सरता वस्तीनं ठरवलं की येत्या दसऱ्याला मिरवणूक काढायची. गेल्या दसऱ्याला सगळे गाडीत बसून नागपूरला गेले होते, दीक्षा घेऊन बौद्ध होऊन परत आले होते. त्याला वर्ष होत होतं. बंडीवर त्याच गाडीचा देखावा करायचा, असं कमिटीचे म्होरके श्रावणकाका म्हणाले. इंजिन तर तयारच होतं. त्याला डबे जोडायचे, आणि ज्या घरातलं जे माणूस गेलं होतं त्याची एक कापडी बाहुली त्या घरानं करून खिडकीत बसवायची.

“अन् सगळं बराबर आहे का नाई, थे पाह्याचं काम कांताचं,” श्रावणकाका म्हणाले. “सायन्सवाली पोरगी आहे. आपण काय, लाल रंग दिसला का डबा म्हणतो.”

कांता नागपुरातून बी. एस्सी. होऊन नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात एक स्पिरिटचा दिवा. तरी मुलींना ती रोज सांगायची की आधी पाहा, मग बोला. तिनं काम घेतलं आणि पहिला नियम करून टाकला. जो त्या गाडीत बसला होता तो बसेल. जो नव्हता तो बसणार नाही, मग तो कमिटीचा का असेना.

या नियमाचा उपयोग लगेच झाला. तानाबाई आपली बाहुली घेऊन आली तेव्हा दोनचार बायका कुजबुजल्या. तानाबाईचा नवरा गुलाब रेल्वेत गँगमन होता. रुळांवर आयुष्य काढून निवृत्त झालेला. नागपूरला दीक्षा झाली त्या रात्री त्याला ताप चढला आणि पहाटे तो गेला. तिथल्याच घाटावर त्याला पोहोचवून तानाबाई वस्तीतल्या लोकांबरोबर दुपारी त्याच गाडीनं परतली होती. बाहुली तिनं त्याच्या खाकी कोटाच्या तुकड्यातून शिवली होती, आत सरकी काढलेला कापूस भरून. मिशा काळ्या दोऱ्याच्या होत्या.

“मेलेल्या माणसाची बाहुली जित्यांच्यात काऊन बसवता?” एक जण म्हणाली.

“गाडीत बसले होते ना?” कांतानं विचारलं. “मग बसतील.”

तानाबाई तिच्याकडे बघून नुसती मान हलवून गेली. जाताना तेवढं म्हणाली, “पहिला डबा, इंजिनाजवळचा. पहिली खिडकी. थ्याले इंजिनाचा धूर आवडे. डोये लाल होत, पण खिडकी सोडे नाई.”

हरिदासनं डबे केले ते मेलगाडीचे. इंजिन मेलचं, तर डबेही मेलचे, असा त्याचा हिशेब. रुंद खिडक्या, मऊ बाकं, मधल्या डब्यावर रोमन एक काढलेला.

“हरिदासभाऊ, आपण पहिल्या वर्गात बसलो होतो?” कांतानं विचारलं.

“आता देखावाच करायचा तं कंजुषी कायले?”

“कंजुषी नाही. मला आठवतं, माझ्या मांडीवर शेजारच्या सुमित्राबाईचं पोर होतं आणि पोराच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. पहिल्या वर्गात तसं बसत नाहीत.”

हरिदास हसला आणि डबे मोडले. नागपूरला नेलेली ती गाडी जादा सोडलेली होती, कुठल्या तरी कोपऱ्यातले जुने लाकडी डबे जोडून केलेली. कांताला त्यांच्यावरच्या रंगाखालून डोकावणारी जी.आय.पी.ची अक्षरं आठवत होती. त्या कंपनीचं नाव जाऊन मध्य रेल्वे झाली त्याला पाच वर्षं होत आली होती, तरी अक्षरं पुसलेली नव्हती. हरिदासनं आधी जुनी अक्षरं रंगवली, त्यावर तपकिरी लाल रंगाचा पातळ हात मारला आणि वर नवी अक्षरं लिहिली. जवळ जाऊन पाहिलं तर जुनी दिसायची. दारांशेजारी रोमन तीन आला. खिडक्यांना लाकडी झडपा आल्या. गाडी आता गरीब दिसायला लागली आणि खरी दिसायला लागली. म्हातारी माणसं येऊन झडपांवरून बोट फिरवायची आणि आपण कुठे बसलो होतो ते भांडून ठरवायची.

राहिलं इंजिन. त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती, पण कांतानं डब्यांचं तपासलं तसं इंजिनाचंही तपासायचं ठरवलं. तिनं एकेकाला वेगळं गाठून विचारलं, दुसऱ्यानं ऐकू नये असं. सगळे म्हणाले, चांदणीवालं. तिला स्वतःलाही चांदणीवालंच आठवत होतं. एवढी माणसं एक सांगतात म्हणजे झालं, असं म्हणून ती शेवटी तानाबाईकडे गेली. ते केवळ कोणी सुटू नये म्हणून.

तानाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. “इंजिन? बाई, मी काय इंजिन पाह्यते? मी माह्या बुढ्याले पाहून राह्यलीतो. खाली उतरला, हार घेऊन गेला पुढं. मी म्हटलं, अजी, गाडी सुटन ना! तं म्हणते कसा, माह्याशिवाय सुटत नाई थे.”

“हार इंजिनाला घातला? कुठे अडकवला?”

“इंजिनाच्या तोंडाले थो गोल दरवाजा नाई का राहत, तव्यावानी? थ्याच्या मधात मूठ राह्यते. मुठीले. लटकून राह्यलाता चांगला, गाडी सुटेपर्यंत.”

कांता थोडा वेळ सुपातून उडणारा कोंडा बघत राहिली. कॅनडाच्या इंजिनाच्या तोंडाला तवा नव्हता. तिथे नाक होतं; पुढे आलेलं, गुळगुळीत, आणि माणसाच्या हाताच्या बरंच वर. हार अडकवायला मूठ होती ती जुन्या काळ्या इंजिनांना.

मग बाकीच्यांना काय आठवत होतं, ते तिला घरी जाता जाता उलगडलं. जाताना प्रत्येकाचं लक्ष पोरं, गाठोडी आणि जागा यांत. इंजिनाकडे बघतो कोण? येताना मात्र पुलगावच्या फलाटावर सगळे उतरून पुढल्या बाजूनं, इंजिनाच्या अगदी जवळून बाहेर पडले होते. ते इंजिन चांदणीवालं होतं. लोकांनी येतानाचं इंजिन जातानाच्या गाडीला जोडून टाकलं होतं. तिनंही.

संध्याकाळी तिनं कमिटीत हे सांगितलं. हरिदास उठूनच उभा राहिला.

“म्हंजे माहं इंजिन खोटं?”

“इंजिन खरं आहे. जागा खोटी आहे.”

“एका बाईच्या सांगण्यावरून? सारी वस्ती एकीकडं, तानामाय एकीकडं?”

“सगळ्यांनी इंजिन पाहिलं ते उतरल्यावर. तानामायनं हार अडकवलेला पाहिला तो निघताना. तुम्हीच सांगा भाऊ, त्या नाकाला हार कुठे अडकवाल?”

हरिदासनं नाकावरून अंगठा फिरवला. त्यानं ते नाक स्वतः घासलं होतं; त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

श्रावणकाका कानामागं खाजवत म्हणाले, “पोरी, कोणाले समजते? रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतीन. इतकं चांगलं इंजिन घरात ठेवाचं?”

“काका, आतापर्यंत आपलं काय झालं, ते दुसऱ्यांनीच ठरवून सांगितलं. हे एक तरी आपण पाहिलं तसं सांगू.”

हरिदास इंजिन फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेला, पोराला थंडी वाजावी तसं. दोन दिवस तो मिरवणुकीच्या कामाला फिरकला नाही. कांतालाही ते सोपं गेलं नाही. शाळेत फळ्यावर काढलेली आकृती तिनं दोनदा चुकवली.

तिसऱ्या दिवशी हरिदास शाळेच्या फाटकाशी उभा. हातात डालड्याचा रिकामा डबा.

“गोल आहे,” तो म्हणाला. “याचं काळं इंजिन होते. झाकणाचा तवा, मधात मूठ. मिरवणूक मैदानावर जाईन तवा हे लावू. मैदानावर भाषणं होतीन, मग वापस येनारच ना? नागपूरले इंजिन बदलत नाई का? आपणबी बदलू. येताना माहं.” आणि मग थोडा सैल होऊन, “जाताना डालडा, येताना कॅनडा.”

कांता हसली. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी जुळल्यासारखं वाटलं. डबे तेच, माणसं तीच, फक्त इंजिन दुसरं. घडलं होतं अगदी तसंच.

माणसं तीच? ती वर्गात परत जाताना पायरीवर थांबली.

नियम तिचाच होता. जो गाडीत होता तो बसेल, जो नव्हता तो बसणार नाही. येतानाच्या गाडीत गुलाब नव्हता. आधी देखावा एका फेरीचा होता तेव्हा प्रश्नच नव्हता. तो खिडकीत बसून राहिला असता. गाडीला परतीची फेरी तिच्याच तपासणीनं मिळाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती तानाबाईकडे गेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “माय, येताना बाहुली राहू द्यायची खिडकीत. खिडक्या लहान आहेत, कोण मोजतं? आणि कोणी विचारलं तर मी आहे.”

तानाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. “तू सांगून राह्यली हे?”

“हो.”

“हरिदासाचं इंजिन चालत नव्हतं तुले. अन् माह्या बुढ्याले खोटं बसवतं?”

कांता तिच्याजवळ खाली बसली.

“येताना मी दाराजवळ बसलीतो, खाली. थे खिडकी रिकामी होती,” तानाबाई म्हणाली. “सारे उभे होते, चेंगरून राह्यले होते, पण तिथं कोणी बसलं नाई. पुलगावपावतर कोणी बसलं नाई. थे नाई दाखवाचं का?”

दसऱ्याला बंडी निघाली. बैलांची शिंगं निळी रंगवलेली, आणि पुढे डालड्याच्या डब्याचं काळं इंजिन, मुठीला झेंडूचा एवढासा हार. रस्त्याच्या कडेचे लोक डबे वाचायला जवळ येत होते. रेल्वे वसाहतीसमोर एक जण मोठ्यानं म्हणाला, “अरे, हे तं जुन्या डब्याईची जादा गाडी!” तेव्हा श्रावणकाकांनी मागे वळून कांताकडे असं पाहिलं, जणू डबे त्यांनीच केले होते. पहिल्या डब्याच्या पहिल्या खिडकीत खाकी कोट आणि दोऱ्याच्या मिशा होत्या.

मैदानावर वंदना झाली, भाषणं झाली. मग हरिदासनं खिळे काढून काळं इंजिन उतरवलं आणि फडकं सोडून आपलं बसवलं. चांदणीवर ऊन पडलं. पोरांनी एकच गिल्ला केला. उन्हाळाभराचं काम होतं, आणि तो त्याच्या अंगावरून शेवटचा हात फिरवत असताना त्याला कोणी हटकलं नाही.

बंडी वळवायच्या आधी तानाबाई पुढे आली. कांता शेजारीच होती. तिनं हात पुढे केला नाही. तानाबाईनं खिडकीची लाकडी झडप पूर्ण वर केली, दोन बोटांनी बाहुली बाहेर काढली, कोटाची वळी नीट केली आणि पदरात घेतली. झडप तिनं खाली ओढली नाही. वरच राहू दिली.

“हां,” ती बैलवाल्याला म्हणाली, “चाल आता.”

हरिदासनं बंडीच्या पुढून पहिल्या डब्याकडे पाहिलं, आणि इंजिन सुटताना वाजवायची ठरवलेली शिट्टी वाजवली नाही. बंडी चालू लागली. परतीच्या वाटेवर लोक टाळ्या वाजवत होते ते चांदणीच्या इंजिनाला. वस्तीतली माणसं मात्र डब्याच्या बाजूनं चालत होती, आणि गर्दी कितीही झाली तरी त्या एका खिडकीसमोर कोणी येत नव्हतं.